अर्धसत्य

अर्धसत्य : मानसप्रधान थरारपटांच्या वर्गात मोडणारा एक महत्त्वाचा हिंदी चित्रपट (१९८३). दिग्दर्शन व छायाचित्रण गोविंद निहलानी (१९४०– ) यांचे. पटकथा विजय तेंडुलकर (१९२८–२००८) यांची. संवाद वसंत देव यांचे. संकलन रेणू सलुजा यांचे व संगीत अजित वर्मन यांचे. मनमोहन शेट्टी व प्रदीप उप्पूर हे त्याचे निर्माते. श्री. दा. पानवलकर यांची ‘सूर्य’ ही मराठी कथा चित्रपटास आधारभूत आहे. चित्रपटाची भाषा हिंदी असली, तरी त्याचे कथाबीज, त्याची पटकथा, नायक-नायिकेचा सामाजिक परिसर आणि ज्या कवितेवरून त्याला नाव मिळाले तिचे कवी दिलीप चित्रे (१९३८–२००९) ही सर्व मराठी होत. त्यामुळे मराठी साहित्य आणि समांतर हिंदी चित्रपट यांच्या संबंधांचा विचार करताना या चित्रपटाला वगळता येत नाही. अनंत वेलणकर या फौजदाराच्या मुख्य भूमिकेत ओम पुरी (१९५०–२०१७) यांनी केलेला अभिनय हा भारतीय चित्रपटाभिनयाच्या इतिहासातील एक टप्पा मानला जातो. चित्रपटाचे मोठेपण आणि त्याची मर्यादा ही दोन्ही या अभिनयाच्या आधारेच स्पष्ट होतात.

थरारपटात सामान्यतः गुन्हा कोणी केला, किंवा गुन्हेगार सापडेल की निसटेल, या प्रश्नावर प्रेक्षकाचे औत्सुक्य टांगलेले असते. मानसप्रधान थरारपटात ते पात्राच्या मनाकडे वळते. फ्रिट्स लांग यांच्या एम (१९३१) या जर्मन चित्रपटात पीटर लोर यांनी रंगविलेला बालहत्यारा, हिचकॉक यांच्या सायको (१९६०) मधील अँथनी पर्किन्सचा नॉर्मन बेट्स, किंवा मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या टॅक्सी ड्रायव्हर (१९७६) मध्ये रॉबर्ट डी नीरो यांनी उभा केलेला एकाकी वाहनचालक ही या प्रकारातील प्रसिद्ध उदाहरणे. मराठीत राजा परांजपे यांच्या पाठलाग (१९६४) या चित्रपटाने रहस्यपटाला प्रतिष्ठा मिळवून दिली. मानवत येथील हत्याकांडाच्या आधारे अमोल पालेकर यांनी दिग्दर्शित केलेला आक्रीत (१९८१) हा त्याहून कितीतरी काळोखा. त्याचीही पटकथा तेंडुलकरांचीच होती. पुण्यातील जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर आधारलेला माफीचा साक्षीदार (१९८६) याच दशकातला; त्यात रायगड जिल्ह्यातील मुरूड-जंजिरा येथे जन्मलेल्या नाना पाटेकरांनी थंड डोक्याचा खुनी रंगविला. या सर्वांत हिंसा करणारा माणूस समाजाच्या कडेला, किंवा कायद्याच्या पलीकडे उभा आहे. अर्धसत्यचे वेगळेपण असे, की येथे तो कायद्याच्या गणवेशात आहे, आपल्या बाजूचा आहे आणि आरंभी तरी प्रेक्षकाला तो हवाहवासा वाटतो. तो केव्हा आणि कोणावर तुटून पडेल, हेच या चित्रपटातील खरे रहस्य.

चित्रपटाचा काळ लक्षात घेणे आवश्यक आहे. बिहारमधील भागलपूर येथे पोलिसांनी कैद्यांचे डोळे फोडल्याचे प्रकरण १९८० मध्ये उघडकीस आले होते. चंद्रपूर जिल्ह्यातील मथुरा प्रकरणाच्या निकालाने कोठडीतील अत्याचाराचा प्रश्न देशभर चर्चेत आणला होता आणि त्यातून पुढे १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात सुधारणा झाली. मुंबईत जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याच महिन्यात वडाळा येथे पोलिसांच्या गोळीबारात मन्या सुर्वे हा गुंड मारला गेला. ऑगस्टमध्ये खुद्द मुंबईच्या पोलीस शिपायांनीच असंतोषाचा उठाव केला व तो शमविण्यासाठी सैन्य बोलवावे लागले. पोलीस हा एकाच वेळी अन्यायाचे हत्यार आणि अन्यायाचा बळीही आहे, ही जाणीव त्या सुमारास शहराच्या हवेतच होती. चित्रपटाने ती नेमकी पकडली.

कथानक : अनंत वेलणकर हा मुंबई पोलीस दलातील तरुण उपनिरीक्षक. त्याला महाविद्यालयीन शिक्षणानंतर पुढे शिकायचे होते. गावच्या पोलीस सेवेतून निवृत्त झालेल्या बापाने (अमरीश पुरी) त्याला खात्यात भरती व्हायला लावले. हा बाप क्षुल्लक कारणावरून बायकोवर हात टाकणारा. लहानपणी अनंताने ते मुकाट्याने पाहिलेले. एका समारंभात त्याची ज्योत्स्ना गोखले (स्मिता पाटील) या प्राध्यापिकेशी ओळख होते आणि तिचे प्रेमात रूपांतर होते. रामा शेट्टी (सदाशिव अमरापूरकर) या टोळीप्रमुखाच्या तीन माणसांना वेलणकर पकडतो व शेट्टीने सांगूनही सोडत नाही. झोपडपट्टीतील एका बाईला छळणाऱ्या गुंडांना तो कोठडीत घालून चोपतो. ते आमदाराच्या उपयोगाचे निघतात आणि वेलणकरवरच निलंबनाची पाळी येते. वरिष्ठ निरीक्षक हैदर अली (शफी इनामदार) दिल्लीपर्यंत हात पोचलेल्या एका मध्यस्थाकरवी ते प्रकरण मिटवितो. पुढे शेट्टीच्या टोळीतील, जाळून टाकलेला एक माणूस मरताना शेट्टीचे नाव घेतो. वेलणकर अटक करायला जातो. शेट्टी शांतपणे एक दूरध्वनी करतो आणि वेलणकरला हात हलवीत परतावे लागते. जिवावर उदार होऊन पकडलेल्या एका दरोडेखोराचे श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याला मिळते. वेलणकर दारूच्या आहारी जातो आणि एका रात्री रेडिओ चोरल्याच्या आरोपावरून आणलेल्या भुरट्या चोराला कोठडीत इतके मारतो, की तो मरतो. निलंबित वेलणकरला वाचविणारा आता एकच उरतो : निवडणूक जिंकून नगरसेवक झालेला रामा शेट्टी. वेलणकर त्याच्याकडे जातो. शेट्टी आपली किंमत सांगतो आणि त्याला हिणवितो. वेलणकर त्याचा गळा दाबून त्याला ठार करतो व पोलीस ठाण्यात येऊन स्वाधीन होतो.

या कथानकात दोन हत्या आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम दुर्बळाची, नंतर सबळाची. एकाच हाताने व एकाच मनःस्थितीतून त्या घडतात. रूढ पोलीसपटात अशा दोन मृत्यूंचा संबंध जोडला जात नाही. प्रकाश मेहरा यांच्या जंजीर (१९७३) पासून हिंदी चित्रपटात रुळलेला संतप्त फौजदार खलनायकाला संपवितो तेव्हा त्याचा क्रोध पवित्र ठरतो. कारण वाटेत त्याने निरपराध्याचा जीव घेतलेला नसतो. निहलानी-तेंडुलकरांनी नेमका येथेच काटा रोवला. शेट्टीचा गळा दाबणारे हात कालपरवाच एका चोराच्या रक्ताने माखलेले आहेत, हे ज्याला विसरता येत नाही त्याला अखेरच्या दृश्यात समाधान मिळणे अशक्य आहे.

तेंडुलकरांच्या लेखनक्रमात हे पात्र एकाएकी आलेले नाही. नेहरू अधिछात्रवृत्ती घेऊन त्यांनी समाजातील वाढत्या हिंसाचाराचा अभ्यास केला होता. पण त्याही आधी घाशीराम कोतवाल (१९७२) या नाटकात अपमानित माणसाला कोतवालीचा अधिकार मिळाला की त्याचे काय होते, हे त्यांनी दाखविले होते. योगायोग असा, की त्या नाटकावरील १९७६ च्या मराठी चित्रपटात घाशीरामाची भूमिका ओम पुरी यांनीच केली व तीच त्यांची पहिली महत्त्वाची चित्रपटभूमिका होय. अपमान गिळलेला कोतवाल ते अपमान गिळणारा फौजदार हे अंतर सात वर्षांचे आहे. घाशीरामाला सूड हवा होता. वेलणकरला मात्र काय हवे, हे त्याचे त्यालाच ठाऊक नाही.

ओम पुरी यांचा अभिनय : निहलानी यांच्या आक्रोश (१९८०) या पहिल्या चित्रपटात ओम पुरी यांनी पत्नीच्या हत्येच्या खोट्या आरोपाखाली अडकलेला लहान्या भिकू हा आदिवासी साकारला होता. ती भूमिका जवळजवळ संपूर्ण मूक होती आणि शेवटच्या किंकाळीपर्यंत सर्व भार डोळ्यांवर होता. वेलणकर त्याउलट बोलका, सुशिक्षित, अधिकाराचा पट्टा बांधलेला. तरीही दोन्ही भूमिकांचा गाभा एकच आहे, हे ओम पुरी यांनी ओळखले : कोंडलेपण. लहान्याला बोलून उपयोग नाही म्हणून तो गप्प आहे. वेलणकर बोलतो, परंतु जे बोलायचे असते ते घशातच राहते. हैदर अली व्यवहाराच्या चार गोष्टी समजावून सांगत असताना ओम पुरी फारसे काही करीत नाहीत. जबडा आवळलेला, मान किंचित पुढे आलेली, नजर समोरच्या माणसाच्या चेहऱ्यापर्यंत न पोचता मध्येच थांबलेली. ही नजर संपूर्ण चित्रपटभर टिकते. वरिष्ठांपुढे तो ताठ उभा राहतो, पण त्या ताठपणात शिस्तीपेक्षा स्वतःला आवरून धरण्याचा प्रयत्न अधिक दिसतो.

देवीच्या व्रणांचा, रूढ अर्थाने नायकाला न शोभणारा चेहरा निहलानी यांनी समीपदृश्यांत निःसंकोच वापरला आहे. छायाचित्रकार म्हणून त्यांचा हात आधीच सिद्ध होता. श्याम बेनेगल यांच्या अंकुर (१९७४) पासूनच्या अनेक चित्रपटांचे छायाचित्रण त्यांचे. येथे त्यांनी प्रकाश सौम्य करून तो चेहरा सुसह्य केलेला नाही. त्यामुळे ज्योत्स्नेसमोर त्यावर क्वचित उमटणारे हसू विशेष परिणाम करते. प्रेमप्रसंगांत ओम पुरी लाजरे, काहीसे अवघडलेले दिसतात. तरुणपण आपल्या वाट्याला आलेच नाही, असे वाटणाऱ्या माणसाचे ते अवघडलेपण आहे.

कवितावाचनाचा प्रसंग सर्वविश्रुत आहे. ज्योत्स्नेजवळच्या पुस्तकातील चित्रे यांची कविता वेलणकर उपाहारगृहात मोठ्याने वाचू लागतो. महाभारतातील चक्रव्यूहाची प्रतिमा तिच्यात आहे. पौरुष व त्याचा अभाव यांच्यामध्ये अडकलेल्या माणसाची ती कविता. आरंभी तो शाळकरी कुतूहलाने, किंचित थट्टेच्या सुरात वाचतो. पुढे गती मंदावते, शब्दांमधील अंतरे वाढतात, आणि शेवटाकडे येईपर्यंत आपण दुसऱ्याचे लिहिलेले नव्हे, आपलेच बयान वाचीत आहोत, असे त्याच्या ध्यानात येते. आवाज चढविण्याचा मोह या ठिकाणी कोणत्याही नटाला झाला असता. ओम पुरी आवाज उतरवितात. चित्रपटात कविता अनेकदा शोभेसाठी येते. येथे ती कथानकाचे काम करते, कारण यानंतर वेलणकर स्वतःबद्दल अजाण राहू शकत नाही.

‘पौरुष’ हा शब्द या भूमिकेची किल्ली आहे. वेलणकरचे बापाशी असलेले नाते द्वेषाचे आहे. तथापि मारण्याचा संस्कार त्याने बापाकडूनच घेतला आहे. आईला मार बसताना तो नुसता पाहत राहिला, ही खंत त्याला जन्मभर पुरली. म्हणून प्रत्येक वेळी हात उगारताना तो त्या जुन्या असहायतेची भरपाई करीत असतो, आणि प्रत्येक वेळी तो बापासारखाच होत जातो. बसमध्ये ज्योत्स्नेची छेड काढणाऱ्या इसमाला तो बडवितो तेव्हा प्रेक्षक खूश होतो. झोपडपट्टीतील बाईला छळणाऱ्या गुंडांना चोपतो तेव्हाही त्याला कोणी दोष देत नाही. परंतु ओम पुरी यांनी या दोन्ही प्रसंगांत एक बारीक गोष्ट साधली आहे : मार आवश्यक तेथे थांबत नाही, दोन-चार तडाखे जास्तच पडतात. त्या जादा तडाख्यांत कोठडीतील मृत्यूची पूर्वसूचना आहे. दुसऱ्यांदा चित्रपट पाहणाऱ्याला ती विशेष जाणवते.

कोठडीचा प्रसंग पाहणे कठीण जाते. चोर साधा, भेदरलेला आहे. त्याच्यावर उगवलेला राग वस्तुतः शेट्टीवरचा, वरिष्ठांवरचा, बापावरचा आणि स्वतःवरचा आहे. नट येथे क्रूर दिसत नाही. तो आंधळा दिसतो. शुद्धीवर आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप उमटण्यापूर्वी क्षणभर नुसता गोंधळ उमटतो. माणूस इतक्या सहजपणे मरू शकतो, याचे ते आश्चर्य असावे.

अखेरच्या दृश्यात शेट्टीपुढे उभा असलेला वेलणकर आधीच पराभूत आहे. गळा दाबताना ओम पुरी यांच्या मुद्रेवर विजयाची छटा नाही. गुदमरतो आहे तो जणू तोच. ठाण्यात येऊन गुन्हा कबूल करताना स्वर सपाट आहे. सबंध चित्रपटात पहिल्यांदाच या माणसाचा जबडा सैल पडलेला दिसतो.

अन्य भूमिका : अहमदनगर येथून मराठी रंगभूमीवर आलेल्या सदाशिव अमरापूरकर (१९५०–२०१४) यांची ही हिंदी चित्रपटातील पहिली महत्त्वाची भूमिका. ‘हँड्स अप’ या मराठी नाटकातील त्यांचे काम पाहून निहलानी यांनी त्यांची निवड केली. रामा शेट्टी आवाज चढवीत नाही, घाई करीत नाही. ज्याला केव्हाही दूरध्वनी उचलता येतो, त्याला ओरडण्याची गरज काय? हिंदी खलनायकाच्या अलंकृत परंपरेत हा साधेपणा नवा होता. शफी इनामदार यांचा हैदर अली हा चित्रपटातील बहुधा सर्वांत दुःखद माणूस आहे : चांगला, समजूतदार आणि म्हणूनच सर्वकाही चालवून घेणारा. नसीरुद्दीन शाह यांनी दोनचार प्रसंगांत उभा केलेला माइक लोबो हा निलंबित, दारूत बुडालेला माजी निरीक्षक रस्त्यावर मरून पडतो. वेलणकरच्या भविष्याचे हे चित्र काहीसे हेतुपुरस्सर वाटते. नटाच्या सामर्थ्याने ते निभावून गेले आहे.

स्मिता पाटील (१९५५–८६) यांच्या वाट्याला मात्र अपुरी भूमिका आली. ज्योत्स्ना विचार मांडते, निषेध करते, अखेर पोलिसाची नोकरी सोडल्याशिवाय लग्न नाही असे बजावते. पण तिचे घर, तिची भीती, तिचा मोह यांना पटकथेत जागा नाही. ती नायकाची सदसद्‌विवेकबुद्धी म्हणूनच वावरते. भूमिका (१९७७) व उंबरठा (१९८२) यांत स्त्रीच्या अंतर्विरोधांचे जे दर्शन या अभिनेत्रीने घडविले, त्याच्या तुलनेत हे नुकसान लक्षात येते. बापाच्या मारापुढे मूक राहिलेली आई तर केवळ आठवणीपुरती आहे. पुरुषी हिंसेची इतकी कठोर चिकित्सा करणाऱ्या कलाकृतीने तिच्या पहिल्या बळीला, म्हणजे आईला, बोलू देऊ नये, ही त्रुटी आहे.

मूल्यमापन : अर्धसत्यला समीक्षकांची मान्यता व तिकीटबारीवरील यश ही दोन्ही लाभली, समांतर चित्रपटांत हे विरळा. एकतिसाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट ठरला व ओम पुरी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला; आरोहण या चित्रपटासाठी तो त्यांना आधीही मिळालेला होता. १९८४ मध्ये कार्लोव्ही व्हारी येथील आंतरराष्ट्रीय महोत्सवातही त्यांना अभिनयाचे पारितोषिक मिळाले. उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, कथा (पानवलकर), पटकथा (तेंडुलकर) आणि सहायक अभिनेता (अमरापूरकर) यांसाठीचे फिल्मफेअर पुरस्कारही चित्रपटाने मिळविले.

लोकप्रियतेचे कारण तपासले, तर मात्र एक अडचण उभी राहते. चित्रपटगृहात टाळ्या पडत त्या शेट्टीच्या मृत्यूला. दिग्दर्शकाने हा प्रतिसाद टाळण्याचा पुरेसा प्रयत्न केला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. शेट्टीला अखेरच्या प्रसंगात इतके उद्दाम बोलू दिले आहे, की प्रेक्षकाचे हात नायकाच्या आधीच शिवशिवू लागतात. उलट कोठडीत मेलेल्या चोराचे कोण होते, त्याच्या घरी काय झाले, हे चित्रपट विचारीत नाही. तो मेला आणि वेलणकरच्या संकटाचे निमित्त झाला. त्याचे नाव प्रेक्षकाच्या लक्षात राहत नाही, रामा शेट्टीचे राहते. एका मृत्यूने दुसऱ्याची फेड झाली, असा सोयीस्कर हिशेब मांडण्यास संहितेने वाव ठेवला आहे, आणि तो मिटविण्याचे काम जवळजवळ एकट्या ओम पुरी यांच्या चेहऱ्यावर येऊन पडले आहे. त्यांनी ते केले आहे. टाळ्या थांबल्यावर ठाण्यात उभा असलेला तो ओघळलेला माणूस पाहिला, की प्रेक्षकाला क्षणापूर्वीच्या आपल्या आनंदाची लाज वाटावी, इतके ते काम नेमके आहे. काही समीक्षक शेवटाला व्यवस्थेविरुद्धचे बंड मानतात. तसे मानण्यास आधार पटकथेत सापडेल, अभिनयात सापडणार नाही.

उत्तरकालीन पोलीसपटांवर या चित्रपटाचा प्रभाव मोठा आहे. शूल (१९९९) मधील मनोज बाजपेयी यांचा निरीक्षक भर विधानसभेत बाहुबली नेत्याला गोळी घालतो, ती रामा शेट्टीच्या हत्येचीच पुढची आवृत्ती. पण तेथे कृतीला जयघोषाची जोड आहे आणि कोठडीतील मृत्यू वगळला आहे. अब तक छप्पन (२००४) मध्ये नाना पाटेकरांनी साकारलेला साधू आगाशे हा चकमकफेम अधिकारी वेलणकरचाच मराठी भाऊबंद. तो हिंसेला सरावलेला, तिच्याबद्दल विनोद करणारा असून माणूस मारल्यावर त्याची झोप उडत नाही. या दोन फौजदारांमध्ये वीस-एकवीस वर्षे आहेत, आणि त्या काळात मुंबईतील चकमकींत मारल्या गेलेल्यांची संख्या शेकड्यांनी मोजली जात होती.